अमेरिकेतली दारूबंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे दारूबंदीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अमेरिकेनेसुद्धा करून पाहिली, नाही जमली." तिथेच चर्चा संपते. बंदी हवी असणारे आणि नको असणारे दोघंही त्या तेरा वर्षांचा दाखला देतात. पण तो कायदा मागितला कुणी, त्यात लिहिलं काय होतं आणि त्यात भरडलं कोण गेलं, हे फारसं कुणी सांगत नाही. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

अमेरिकेत देशभर दारूबंदी कधी होती?

१७ जानेवारी १९२० ते ५ डिसेंबर १९३३. ही झाली देशपातळीवरची बंदी. वेगवेगळ्या राज्यांत ती त्याआधी कितीतरी वर्षं होती, आणि काही राज्यांत नंतरही राहिली.

म्हणजे त्या काळात दारू पिणं गुन्हा होता का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या अठराव्या दुरुस्तीने मादक पेयं बनवणं, विकणं, त्यांची ने-आण करणं आणि आयात-निर्यात करणं यांवर बंदी घातली. पिण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. बंदी लागू होण्याआधी विकत घेतलेली दारू स्वतःच्या घरात ठेवणं, पिणं आणि घरी आलेल्या पाहुण्याला पाजणं केंद्रीय कायद्याला मान्य होतं.

दुरुस्तीला १६ जानेवारी १९१९ रोजी पुरेशा राज्यांची मंजुरी मिळाली आणि अंमल एक वर्षानंतर सुरू झाला. ज्यांच्याकडे पैसा आणि तळघर होतं, त्यांना साठा करायला अख्खं वर्ष मिळालं. रोजंदारीवरच्या माणसाला वर्षभराचा साठा कुठून परवडणार? ही विषमता पुढे प्रत्येक टप्प्यावर दिसते.

एवढा टोकाचा कायदा लोकांनी मागितला तरी का?

कारण दारूने खरंच घरं बुडत होती. १८३० च्या सुमारास अमेरिकेत दर प्रौढ माणसामागे वर्षाला साधारण २६ लिटर शुद्ध अल्कोहोल प्यायलं जात होतं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आजच्या तिथल्या प्रमाणाच्या हे जवळजवळ तिप्पट. मका आणि राय (गव्हासारखं एक धान्य) यांची व्हिस्की स्वस्त होती, आणि कामगाराला कामावर असतानाच दारूचा घोट देण्याची पद्धत होती.

पुढे गुत्ते आले. इंग्रजीत त्यांना 'सलून' म्हणत. आपल्याकडच्या केस कापायच्या सलूनशी त्याचा संबंध नाही. बरेचसे गुत्ते बिअर कारखान्यांच्या पैशावर चालत आणि गल्लोगल्ली असत. पगाराच्या दिवशी नवरा गुत्त्यात शिरला की रात्री घरी काय येणार, हे बायको ठरवू शकत नव्हती. तिला मत नव्हतं. अनेक राज्यांत मालमत्तेवर आणि स्वतःच्या कमाईवरही तिचा पुरता हक्क नव्हता. मारहाण झाली तर दाद कुठे मागायची, हाही प्रश्नच होता.

२४ डिसेंबर १८७३ रोजी ओहायोतल्या हिल्सबरो गावात एलायझा थॉम्पसन यांच्या मागे सत्तरएक बायका चर्चमधून दोन-दोनच्या रांगेने बाहेर पडल्या. थंडीचे दिवस, रस्त्यावर बर्फ. एकेका दारूच्या दुकानात जाऊन त्या गुडघे टेकत, प्रार्थना करत, भजन म्हणत आणि मालकाला दुकान बंद करायची विनवणी करत. आत येऊ दिलं नाही तर तेच दाराबाहेर बर्फात बसून. असं दिवसचे दिवस चाललं. हे लोण गावोगाव पसरलं आणि पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, 'विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन' ही संघटना उभी राहिली. फ्रान्सेस विलर्ड १८७९ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या, आणि दारूबंदी हवी असेल तर बायकांना मताचा अधिकार हवा, असं त्यांनी उघड सांगितलं.

आपल्याकडच्या ज्या गावांत बायकांनी बाटली आडवी केली, तिथली माणसं हिल्सबरोच्या त्या बायकांना लगेच ओळखतील. या चळवळीला सोवळ्या म्हाताऱ्यांचा हट्ट म्हणून हसण्यावारी नेणारं लिखाण भरपूर आहे. मला ते अन्यायाचं वाटतं.

कुऱ्हाड घेऊन गुत्ते फोडणारी बाई खरी होती का?

खरी होती. कॅरी नेशन. तिचा पहिला नवरा डॉक्टर होता आणि दारूपायी गेला. कॅन्सस राज्याने १८८० मध्येच राज्यघटनेत दारूबंदी घातली होती, तरी तिथे गुत्ते राजरोस चालत होते. १९०० पासून तिने ते फोडायला सुरुवात केली, आधी दगडविटांनी आणि नंतर छोट्या कुऱ्हाडीने. ती अनेकदा तुरुंगात गेली. मुद्दा असा की ती जे फोडत होती, ते राज्याच्या कायद्यानेच बेकायदा होतं.

मग १९२० च्या आधी कुठे कुठे बंदी होती?

जॉर्जिया वसाहतीत १७३५ मध्ये रमवर बंदी आली आणि काही वर्षांतच उठली. मेन राज्याने १८५१ मध्ये संपूर्ण राज्यासाठी दारूबंदी केली. पोर्टलंडचे महापौर नील डाऊ यांचा त्यात पुढाकार होता. १८५५ मध्ये याच डाऊंनी औषधी वापरासाठी म्हणून शहरात दारूचा साठा आणल्याची बातमी फुटली, जमाव जमला, गोळीबार झाला आणि एक माणूस मेला. वर्षभरात कायदा रद्द झाला. पुढे तो परत आला.

पण सगळ्यात लांबलेली बंदी मूळ अमेरिकी लोकांवर होती, आणि तिची आठवण क्वचितच काढली जाते. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १८३२ मध्ये त्यांच्या प्रदेशात दारू नेण्यावर सरसकट बंदी घातली. नंतर त्यांना कुठेही दारू विकणं हाच गुन्हा ठरला. १९३३ मध्ये बाकीच्या देशाची बंदी उठली, तरी यांची उठली नाही. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेल्या मूळ अमेरिकी सैनिकाला बिअरचा ग्लास कायद्याने मिळत नव्हता. हा कायदा बदलला तो १९५३ मध्ये.

घटनादुरुस्ती एवढ्या सहज मंजूर कशी झाली?

सहज नाही झाली. ओहायोत १८९३ मध्ये सुरू झालेल्या 'अँटी-सलून लीग' या संघटनेने ती घडवून आणली. तिचे सूत्रधार वेन व्हीलर यांची पद्धत साधी होती. उमेदवार कुठल्या पक्षाचा, स्वतः पितो की नाही, बाकी विषयांवर त्याचं मत काय, हे पाहायचंच नाही. दारूबंदीच्या बाजूने मत देणार का? देणार असेल तर लीगची मतं त्याला, नाही तर त्याच्या विरोधकाला. अटीतटीच्या मतदारसंघात थोडी मतं इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरतो, हे त्यांनी अचूक हेरलं होतं.

मोठी अडचण पैशाची होती. केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा मोठा वाटा दारूवरच्या करातून येत होता. १९१३ मध्ये सोळाव्या दुरुस्तीने आयकर आला आणि ती अडचण दूर झाली. डिसेंबर १९१४ मध्ये दारूबंदीची दुरुस्ती प्रतिनिधिगृहात पहिल्यांदा मतदानाला आली. बाजूने १९७, विरोधात १९०. बहुमत होतं, पण घटनादुरुस्तीला लागणारं दोन तृतीयांश नव्हतं.

मग १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध उतरली. पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर ही बिअर कारखान्यांची नावं जर्मन वंशाच्या घराण्यांची. बिअर पिणं म्हणजे शत्रूला मदत, असा प्रचार सुरू झाला. शिवाय सैन्याला धान्य हवं असताना ते दारूत का घालवायचं, हा सवाल. डिसेंबर १९१७ मध्ये दुरुस्ती काँग्रेसमध्ये मंजूर झाली आणि तेराच महिन्यांत ३६ राज्यांनी तिला मान्यता दिली. बायकांच्या अश्रूंवर उभ्या राहिलेल्या चळवळीला शेवटचा धक्का युद्धाच्या द्वेषाने दिला, ही गोष्ट मला कायम टोचते.

व्होल्स्टेड कायदा म्हणजे काय?

घटनादुरुस्तीत 'मादक पेय' हा शब्द होता, पण मादक म्हणजे किती, ते नव्हतं. ऑक्टोबर १९१९ च्या व्होल्स्टेड कायद्याने ते ठरवलं: अर्धा टक्का किंवा जास्त अल्कोहोल असेल तर मादक. अध्यक्ष विल्सन यांनी नकाराधिकार वापरला, तो काँग्रेसने दोन दिवसांत फेटाळला. व्हिस्की जाईल पण बिअर आणि वाईन राहील, अशा समजुतीने दुरुस्तीला पाठिंबा दिलेली माणसं खूप होती. त्यांना फसवल्यासारखं वाटलं. कायद्याविषयीचा विश्वास इथूनच आटायला लागला.

कायद्यात पळवाटा होत्या का?

तीन मोठ्या होत्या. चर्च आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) यांतल्या विधींसाठी वाईन, घरी केलेला फळांचा रस, आणि डॉक्टरची चिठ्ठी.

चिठ्ठीचं काम असं चाले. डॉक्टरला सरकारी छापील चिठ्ठ्यांचं पुस्तक मिळे, ९० दिवसांसाठी १०० चिठ्ठ्या. एका रोग्याला दहा दिवसांत एक पाइंट, म्हणजे साधारण अर्धा लिटर व्हिस्की. रोग्याने डॉक्टरला पैसे मोजायचे, मग औषधाच्या दुकानात पुन्हा मोजायचे आणि सीलबंद बाटली घेऊन घरी जायचं. ज्याच्या खिशात डॉलर आहेत, त्याचा आजार लगेच सिद्ध व्हायचा. डिसेंबर १९३१ मध्ये विन्स्टन चर्चिल यांना न्यूयॉर्कमध्ये मोटारीने धडक दिली, तेव्हा त्यांच्या डॉक्टरने लिहून दिलं की प्रकृती सुधारण्यासाठी मद्य आवश्यक आहे, विशेषतः जेवणाच्या वेळी. प्रमाण सांगता येत नाही, पण किमान २५० मिलिलिटर.

फळांच्या रसाची पळवाट शेतकऱ्यांसाठी होती. तिच्यातून कॅलिफोर्नियातल्या द्राक्ष बागाईतदारांचं उलट भलंच झालं. द्राक्षाच्या रसाच्या घट्ट वड्या विकल्या जात. ही वडी पाण्यात विरघळवून काही आठवडे ठेवू नका, नाहीतर तिची वाईन होईल, असा इशारा सोबत असे. गिऱ्हाईक त्या इशाऱ्यातूनच कृती शिकत असे.

विषारी दारूने माणसं खरंच मेली का?

मेली, आणि हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं.

कारखान्यांना रंग, रसायनं, औषधं बनवायला अल्कोहोल लागतं. ते पिता येऊ नये म्हणून त्यात विष मिसळायची पद्धत १९०६ पासून होती. बंदीच्या काळात चोरटे धंदेवाले हेच अल्कोहोल पळवून, शक्य तितकं शुद्ध करून विकू लागले. तेव्हा १९२६ च्या अखेरीस सरकारने मिसळायच्या मिथेनॉल या विषाचं प्रमाण वाढवलं. ते लोकांच्या पोटात जाणार हे सरकारला माहीत होतं. त्या नाताळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात एकामागून एक माणसं आली: कुणाला दिसेनासं झालेलं, कुणाला भास होत असलेले, कुणी मरायला टेकलेलं. शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी पत्रकारांसमोर सांगितलं की या मृत्यूंची नैतिक जबाबदारी सरकारची आहे. चांगली दारू परवडत नाही ती गरीब माणसंच यात मरतात, हेही ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मुंबईतल्या मालवणीत २०१५ साली शंभरावर लोक ज्याने गेले, ते हेच मिथेनॉल.

दुसरी घटना १९३० ची. 'जमैका जिंजर' नावाचा आल्याचा अर्क औषधाच्या दुकानात दोन औंसाच्या बाटलीत मिळे. लोक त्याला 'जेक' म्हणत. त्यात बहुतेक सगळं अल्कोहोलच. कुणी पिऊ नये म्हणून त्यात आल्याचा कडू घन भाग ठरावीक प्रमाणात असलाच पाहिजे, असा नियम होता. तपासनीस अर्क उकळून आटवत आणि तळाशी राहिलेलं वजन करत. बोस्टनच्या दोघा धंदेवाल्यांनी आल्याऐवजी प्लास्टिक मऊ करायचं एक रसायन त्यात घातलं. वजन बरोबर भरे, चवही बिघडत नसे. पण ते रसायन मज्जातंतू मारत होतं. हजारो माणसांच्या पायांतली ताकद गेली. पावलाचा पुढचा भाग उचलता येईना, म्हणून ती गुडघा उंच उचलून चालत आणि पाऊल जमिनीवर आपटे. त्या चालीवरूनच माणूस ओळखू येई, आणि गावात लाजेने त्याची मान खाली. बहुतेक जण दक्षिणेतले आणि मध्य भागातले गरीब मजूर होते.

अल कपोनचं काय?

त्याच्याबद्दल इतकं सांगितलं गेलंय की इथे थोडक्यात पुरे. शिकागोतला चोरट्या दारूचा धंदा त्याच्या टोळीच्या हातात होता. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी त्याच्या विरोधी टोळीशी संबंधित सात जणांना एका गॅरेजमध्ये भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. त्या खुनांसाठी कुणालाच शिक्षा झाली नाही. कपोन अडकला तो १९३१ मध्ये, आयकर बुडवल्याबद्दल: ११ वर्षं. ज्या आयकराने दारूबंदी शक्य केली, त्यानेच दारूच्या सम्राटाला तुरुंगात घातलं.

त्याच्यापेक्षा सुप्रीम कोर्टातले दोन खटले जास्त टिकले. १९२५ च्या कॅरोल खटल्यात ठरलं की सबळ संशय असेल तर पोलीस वॉरंटशिवाय मोटार तपासू शकतात. अमेरिकेत हा नियम आजही चालतो. १९२८ च्या ओल्मस्टेड खटल्यात सिएटलच्या एका माजी पोलीस अधिकाऱ्याचा दारूचा धंदा फोन चोरून ऐकून पकडला होता. पाच विरुद्ध चार मतांनी कोर्ट म्हणालं, घरात शिरला नाहीत ना, मग चालेल. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी विरोधी निकाल लिहिला आणि माणसाला एकटं राहू देण्याचा हक्क मांडला. १९६७ मध्ये कोर्ट त्यांच्या मताकडे वळलं.

तुरुंगात कोण गेलं?

जास्त करून छोटे. १९२९ च्या जोन्स कायद्याने पहिल्याच गुन्ह्याची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर आणि दंड १,००० वरून १०,००० डॉलरवर नेला. मिशिगनमध्ये १९२८ च्या शेवटी दहा मुलांच्या आईला थोडीशी दारू विकल्याबद्दल जन्मठेप झाली, कारण तिचा तो चौथा गुन्हा होता. देशभर ओरड झाली; पुढे ती सुटली. काही भागांत कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेने दारूबंदीची अंमलबजावणी स्वतःच्या हातात घेतली आणि इटालियन, कॅथलिक, काळ्या लोकांच्या घरांत घुसून धाडी घातल्या. आणि त्याच वेळी खुद्द काँग्रेसच्या इमारतीत जॉर्ज कॅसिडी नावाचा माणूस वर्षानुवर्षं खासदारांना बाटल्या पोचवत होता.

पण लोकांचं पिणं कमी झालं का?

झालं. बंदीचे विरोधक हे सांगायचं टाळतात. सुरुवातीच्या वर्षांत पिण्याचं प्रमाण आधीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरलं असावं, असा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नंतर ते वाढून आधीच्या ६० ते ७० टक्क्यांपर्यंत आलं. दारूने यकृत खराब होऊन मरणाऱ्यांची संख्याही कमी झाली होती, जरी ती घट बंदीच्या आधीच सुरू झालेली होती. बंदी उठल्यावरही लोक लगेच पहिल्याइतके पिऊ लागले नाहीत. ज्या घरांत त्या वर्षांत पगार शाबूत पोचला, त्यांच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नाही.

बंदी उठली कशी?

१९३० मध्ये सिनेटर मॉरिस शेपर्ड म्हणाले होते की वॉशिंग्टन स्मारक शेपटीला बांधून एखादा चिमुकला पक्षी मंगळावर जाण्याची जेवढी शक्यता, तेवढीच ही दुरुस्ती रद्द होण्याची. तीन वर्षांत ती रद्द झाली.

मंदीने सरकारची तिजोरी रिकामी केली होती. दारूवरचा कर आणि कारखान्यांतल्या नोकऱ्या दोन्ही हव्या होत्या. पण लोकमत फिरवलं ते पुन्हा बायकांनी. न्यूयॉर्कच्या पॉलीन सेबिन आधी बंदीच्या बाजूने होत्या. मुलं कायद्याची टिंगल होताना पाहत वाढतायत, हे त्यांना सहन होईना. त्यांनी १९२९ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र संघटना काढली आणि 'अमेरिकेतल्या सगळ्या बायका बंदीच्या बाजूने आहेत' हा दावाच मोडून काढला.

७ एप्रिल १९३३ पासून ३.२ टक्क्यांची बिअर सुरू झाली. ५ डिसेंबर १९३३ रोजी यूटाने छत्तिसावं मत दिलं आणि एकविसावी दुरुस्ती मंजूर झाली. अमेरिकी घटनेतली एक दुरुस्ती दुसरीने पूर्ण रद्द झाल्याचं हे एकमेव उदाहरण. तिला मंजुरी विधिमंडळांऐवजी राज्यांत खास निवडलेल्या परिषदांनी दिली, हेही एकदाच घडलं. त्या दिवशीच्या घोषणेत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांना विनंती केली की जुने गुत्ते पुन्हा येऊ देऊ नका.

याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

थोडा आहे. अँटी-सलून लीगचे विल्यम 'पुसीफूट' जॉन्सन १९२१ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. मुंबईत पहिली दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ रोजी आली, आणि नंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. फरक मोठा होता: अमेरिकेने पिण्याला हात लावला नाही, मुंबईच्या कायद्याने परवान्याशिवाय पिणं आणि जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरवला. मात्र प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळण्याची सोय इथेही होती. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त वस्तूंपुरता तो कायदा लागू होणार नाही असं ठरवलं, बाकीचा बराचसा टिकवला. आपल्या पाट्यांवरचा 'परमिट रूम' हा शब्द त्याच परवान्यांच्या पद्धतीतून आला.

आज अमेरिकेत कुठे दारूबंदी आहे का?

आहे. एकविसाव्या दुरुस्तीने विषय राज्यांकडे सोपवला. कॅन्ससने १९४८ पर्यंत, ओक्लाहोमाने १९५९ पर्यंत आणि मिसिसिपीने १९६६ पर्यंत बंदी ठेवली. घरी बिअर बनवणं केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये मोकळं झालं. राज्याखालच्या काउंट्यांना स्वतःचा निर्णय घेता येतो आणि दक्षिणेत काही काउंट्या अजून 'कोरड्या' आहेत. टेनेसीतली मूर काउंटी त्यातलीच. तिथल्या लिंचबर्ग गावात जॅक डॅनियल्सचा कारखाना आहे. तिथली व्हिस्की जगभर जाते, आणि कारखाना बघायला आलेल्यांना तिथेच एखादी बाटली विकता यावी म्हणून कायद्यात वेगळी सवलत करावी लागली.